रुबाब खांद्यावर, शांतता मधोमध

अमेरिकेतल्या टायरच्या दुकानात शिरलं की भिंतीवरची मांडणी आधी नजरेत भरते. टायर रांगेने उभे असतात आणि थोडे कुशीवर वळवलेले असतात, म्हणजे बाजूची अक्षरं आणि खांद्यावरचे दातेरी ठोकळे गिऱ्हाइकाला नीट दिसावेत. पिकअप ट्रकचा मालक त्या मांडणीसमोर उभा राहतो, एका टायरवर बोट ठेवतो आणि म्हणतो, हा झकास दिसतो. निम्मी निवड तिथेच होऊन जाते. टायरचा जो पट्टा पुढची चार-पाच वर्षं रस्त्याला घासत राहणार असतो, त्याच्याकडे त्याने अजून धड पाहिलेलंही नसतं.

काही दिवसांनी तोच ट्रक ताशी ६५ मैलांच्या वेगाने काँक्रीटच्या महामार्गावर धावू लागतो आणि केबिनमध्ये एक अखंड घूं घूं सुरू होते. रेडिओचा आवाज वाढवावा लागतो. मागच्या सीटवरचं मूल काय म्हणालं ते दोनदा विचारावं लागतं. मग मालक स्वतःची समजूत घालतो, की ऑल-टेरेन टायर म्हटला की एवढं चालायचंच.

ही समजूत अर्धीच खरी आहे. ऑल-टेरेन टायरचा रुबाब जिथून येतो आणि त्याचा आवाज जिथून येतो, त्या दोन जागा पुष्कळ प्रमाणात वेगळ्या आहेत. डोळ्याला दिसते ती टायरची बाजू आणि खांद्याची बाहेरची कड. डांबरी रस्त्यावर यातला बराचसा भाग जमिनीला टेकतच नाही. आवाज करतो तो टेकणारा पट्टा. म्हणून दुकानात टायर आडवा पाहून भागत नाही. तो वळवून समोरून पाहायला हवा.

हा प्रश्न आज एवढा महत्त्वाचा का झाला, हे कळायला पिकअपचा थोडा इतिहास लागतो. फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारा पिकअप आहे. त्या काळात पिकअप म्हणजे मुख्यतः कामाची गाडी होती. शेतावरचा चारा, सुताराचं सामान किंवा पाइपांची बंडलं वाहायची, केबिनमध्ये दोन-तीन माणसं बसायची आणि आवाजाची तक्रार कुणी करायचं नाही. आजच्या पिकअपला चार दारं असतात, चामड्याच्या सीट असतात, आणि त्यातूनच मुलं शाळेत जातात. गाडी घरातली झाली, त्यामुळे तिच्याकडून शांततेचीही अपेक्षा आली. दिसणं मात्र अजून रानातलंच हवं असतं, आणि त्यात काही गैर नाही.

रानात आणि रस्त्यावर दोन्हीकडे चालेल असा टायर अमेरिकेत रुजवला तो ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरातून आलेल्या बीएफगुडरिच कंपनीने. बेंजामिन फ्रँकलिन गुडरिच यांनी १८७० मध्ये तिथे रबराचा कारखाना काढला, आणि पुढे अॅक्रन टायर उद्योगाची राजधानीच झालं. १९७६ मध्ये या कंपनीने ऑल-टेरेन टी/ए हा रेडियल टायर बाजारात आणला. तोवर ट्रकवाल्यापुढे साधारण दोनच वाटा असत. एक, महामार्गाचा गुळगुळीत टायर. दुसरी, चिखलात चालणारा मोठ्या ठोकळ्यांचा टायर, जो डांबरावर ट्रॅक्टरसारखा घुमायचा. नव्या टायरने मधली वाट काढली. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात १९६७ पासून होणाऱ्या वाळवंटी शर्यतींशी या टायरचं नाव जोडलं गेलं. पुढे फोर्डने आपला रॅप्टर हा वाळवंटी बाण्याचा पिकअप काढला, तेव्हा त्याला कारखान्यातूनच याच घराण्यातले ३५ इंची टायर बसवले. तेव्हापासून ऑल-टेरेन टायर ही कारखान्यातून मिळणारी शोभासुद्धा झाली.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. टायरवर 'ए/टी', म्हणजे ऑल-टेरेन, ही अक्षरं छापण्यासाठी कुठलीही सरकारी व्याख्या नाही. एका कंपनीचा ए/टी हा महामार्गाच्या टायरला थोड्या खाचा पाडून केलेला असतो, तर दुसरीचा जवळजवळ चिखलाचा टायर असतो. दोघांवर अक्षरं तीच, म्हणून निवड नक्षी पाहूनच करावी लागते.

नक्षीतून आवाज कसा निघतो हे पाहणं फार मजेचं आहे. टायर फिरताना एकेक ठोकळा रस्त्यावर आपटतो, हा झाला पहिला आवाज. ठोकळा टेकला की शेजारच्या खाचेतली हवा दाबली जाऊन बाहेर निसटते आणि तो उचलला गेला की हवा पुन्हा आत ओढली जाते. टाळी वाजवताना तळहातांमधली हवा निसटते, तसंच हे. फक्त सेकंदाला शेकडो वेळा. हवेला बाहेर पडायला लांब सरळ खाच मिळाली तर ती बासरीच्या नळीसारखी घुमते. यावर कडी म्हणजे टायरची गोलाई आणि सपाट रस्ता यांच्यामध्ये पाचरीसारखी जी फट तयार होते, ती कर्ण्याचं काम करते आणि हा सगळा आवाज मोठा करून बाहेर टाकते. टायरच्या पोटातली हवासुद्धा गप्प नसते. पिकअपच्या मोठ्या टायरमध्ये ती साधारण पावणेदोनशे हर्ट्झच्या आसपास गुंजते. खडबडीत रस्त्यावर पायाखाली जो पोकळ 'धूं' असा आवाज जाणवतो तो बराचसा तिचाच.

थोडं गणित केलं तर ही घूं घूं सुरातही पकडता येते. ३३ इंच व्यासाच्या टायरचा परीघ साधारण २.६३ मीटर भरतो. ताशी ६५ मैल म्हणजे सेकंदाला सुमारे २९ मीटर, म्हणजे टायर सेकंदाला अकरा वेळा फिरतो. त्याच्या परिघावर एकसारखे ६० ठोकळे असतील तर सेकंदाला ६६० आपट्या बसतात. हार्मोनियमवर वरच्या सप्तकातली पांढरी तीन दाबून धरली की ऐकू येतो, तो हा सूर. वेग ५५ मैलांवर आणला की तो उतरून काळी एकच्या जवळ येतो. ट्रकवाले म्हणतात, वेगाबरोबर टायर 'गातो', ते शब्दशः खरं आहे. कानाला त्रास होतो तो नेमका या एकाच सुराचा. तेवढीच ऊर्जा अनेक सुरांत विखुरली तर तिचा नुसता सळसळता आवाज होतो आणि मन तो काही मिनिटांत विसरून जातं.

टायर बनवणाऱ्यांनी हीच युक्ती शोधली. परेडमध्ये शंभर जवानांची पावलं एका ठेक्यात पडतात तेव्हा मैदान दणाणतं. मंडईत शंभर माणसं चालत असतात, पण तिथे ठेका ऐकू येत नाही. म्हणून चांगल्या टायरमध्ये सगळे ठोकळे एका लांबीचे नसतात. तीन ते पाच वेगवेगळ्या लांबीचे ठोकळे संगणकाने ठरवलेल्या क्रमाने मिसळलेले असतात. दुकानात हे डोळ्यांनी तपासता येतं. टायर उभा धरून नक्षीवरून नजर हळूहळू फिरवत न्यावी. एक ठोकळा दोन बोटं, पुढचा थोडा आखूड, मग एक लांब, असा फरक दिसायला लागतो. बोटांनी मोजलं तर आणखी स्पष्ट कळतो. सगळे ठोकळे साच्यातून काढल्यासारखे एका मापाचे दिसले तर तो टायर महामार्गावर गाणार, हे नक्की.

दुसरी खूण मधल्या पट्ट्यात शोधायची. ठोकळे एकमेकांपासून सुटे असतील तर प्रत्येक जण स्वतंत्रपणे आपटतो आणि डुलतोही. ते रबराच्या पातळ पुलाने खालून जोडलेले असतील, किंवा मध्ये जवळजवळ सलग बरगडी असेल, तर आपटी सौम्य होते. ठोकळ्यांच्या कडा आसाला समांतर असण्यापेक्षा तिरक्या असलेल्या चांगल्या. तिरकी कड झिप लावल्यासारखी टोकापासून टोकापर्यंत हळूहळू रस्त्यावर उतरते, सरळ कड मात्र एकदम थाप मारते. खांद्याकडे जाणाऱ्या आडव्या खाचा बाहेरच्या बाजूला मोकळ्या उघडत असतील तर हवेला निसटायला वाट मिळते. त्या मध्येच बंद होत असतील तर हवा कोंडते. डाव्या आणि उजव्या खांद्याचे ठोकळे एकाच वेळी टेकतात की एकाआड एक, हेही पाहावं. एकाआड एक हवे.

युरोपात हे सगळं पाहायच्या आधी गिऱ्हाइकाच्या हातात एक आकडा पडतो. तिथे २०१२ पासून टायरवर आवाजाची चिठ्ठी लागते आणि २०२१ पासून तिच्यावर ए, बी, सी अशी श्रेणीही असते. इंजिन बंद करून गाडी ताशी ८० किलोमीटरच्या आसपास मायक्रोफोनसमोरून घरंगळत नेतात आणि बाजूला साडेसात मीटरवर आवाज मोजतात. तीन डेसिबलचा फरक म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट. अमेरिकेत अशी चिठ्ठी नाही. तिथे प्रवासी गाड्यांच्या टायरवर झीज, पकड आणि उष्णता यांची श्रेणी छापावी लागते, पण खोल नक्षीच्या ट्रक टायरना त्यातूनही सूट आहे. म्हणजे पिकअपवाल्याला डोळे, बोटं आणि इतरांचा अनुभव यांवरच विसंबावं लागतं. भारताने मात्र यात पाऊल उचललं. २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने टायर फिरताना होणारा रोध (रोलिंग रेझिस्टन्स), ओल्या रस्त्यावरची पकड आणि टायरचा आवाज, तिन्हींच्या मर्यादा बंधनकारक करण्याची अधिसूचना काढली.

आवाजात रस्त्याचाही वाटा असतो, आणि त्याची एक हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. अॅरिझोना राज्यातल्या फिनिक्समध्ये चार्ल्स मॅकडोनाल्ड नावाच्या अभियंत्याने १९६० च्या दशकात जुन्या टायरचा चुरा डांबरात मिसळून रस्ते दुरुस्त करायला सुरुवात केली. उद्देश भेगा बुजवण्याचा होता. पण हे रस्ते शांत असतात हेही लक्षात आलं, आणि २००३ पासून राज्याच्या परिवहन खात्याने फिनिक्सच्या काँक्रीट महामार्गांवर त्याचा थर द्यायचा कार्यक्रमच हाती घेतला. एकच ट्रक, तेच टायर, पण काँक्रीट संपून रबर-डांबर सुरू झालं की केबिन गप्प होते. म्हणून कुणी 'हे टायर अगदी शांत आहेत' म्हणालं तर तो रोज कुठल्या रस्त्यावरून जातो, हे आधी विचारावं.

आता दिसण्याकडे वळू. त्याला कमी लेखू नये, कारण माणूस ट्रककडे रोज पाहतो.

काळा टायर ही निसर्गाची देणगी नाही. सुरुवातीचे टायर फिकट, जवळपास पांढरट रंगाचे असत. मिशेलिनचा गोल गुबगुबीत माणूस, बिबेंडम, १८९८ मध्ये जन्माला आला तो पांढराच, आणि आजही तसाच आहे. १९१० च्या दशकात रबरात काजळी मिसळली तर टायर कितीतरी जास्त टिकतो, असं दिसून आलं आणि टायर काळे झाले. पांढरं राहिलं ते शोभेपुरतं, आधी बाजूच्या पट्ट्याच्या रूपात आणि मग उठावाच्या अक्षरांत.

ही पांढरी अक्षरं रंगवलेली नसतात. बाजूच्या काळ्या रबराखाली पांढऱ्या रबराचा थर आधीच बसवलेला असतो. साच्यातून टायर बाहेर आला की उठावाच्या अक्षरांवरचं पातळ काळं रबर यंत्रावर घासून काढतात आणि आतला पांढरा उघडा पडतो. नवा टायर दुकानात येतो तेव्हा ही अक्षरं बहुधा निळसर किंवा हिरवट दिसतात. पहिल्यांदा पाहणारा बिचकतो. तो साठवणुकीत अक्षरं डागाळू नयेत म्हणून लावलेला संरक्षक लेप असतो, आणि पाणी व मऊ ब्रशने निघून जातो. पुढे काही महिन्यांनी अक्षरं तपकिरी दिसायला लागली तर तो नुसता मळ नाही. रबर ऊन आणि ओझोनने तडकू नये म्हणून त्यात घातलेली रसायनं हळूहळू पृष्ठभागावर येतात, त्यांचा तो रंग. टायर चकचकीत करणारी पेट्रोलियमवर आधारित तेलं लावली की हा प्रकार वाढतो. साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो.

अक्षरं नको असतील तर टायर उलटा बसवता येतो, पांढरी बाजू आत आणि काळी बाहेर. काही नक्षींमध्ये दोन बाजूंची घडणही वेगळी असते. निट्टो कंपनीच्या रिज ग्रॅपलर या टायरच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या रचना दिल्या आहेत, आवडेल ती बाहेर ठेवावी. दुकानदाराला हे टायर चढवण्याआधी सांगितलं तर बरं, नंतर सांगितलं तर दुहेरी काम आणि दुहेरी मजुरी.

रुबाबाचा विषय निघाला की रुंदीचा मोह येतोच. रुंद टायर भरदार दिसतो, पण रुंदी वाढली की आवाजही वाढतो, कारण आपटणारं रबर आणि कोंडणारी हवा दोन्ही वाढतात. उंच आणि त्या मानाने अरुंद टायर तितकाच देखणा दिसू शकतो. जुन्या मोहिमांच्या गाड्यांना तेच असत. अरुंद टायर बर्फात जास्त दाबाने खाली बसतो आणि इंधनही कमी खातो. व्यक्तिशः पसंती विचाराल तर या लेखणीचा कौल उंच-अरुंदला.

एक खरोखरचं माप घेऊन बघू. अनेक फोर्ड एफ-१५० ट्रकना २७५/६५ आर १८ हे टायर येतात. रुंदी २७५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ६५ टक्के आणि रिम १८ इंच. हिशेब केला तर व्यास ३२.१ इंचांच्या आसपास येतो. मालकाला जरा उंची हवी म्हणून तो २७५/७० आर १८ घेतो, त्याचा व्यास सुमारे ३३.२ इंच. बाजूने पाहिलं तर फरक डोळ्यात भरतो, पण गाडी जमिनीपासून उचलली जाते ती जेमतेम चौदा मिलिमीटर. उलट स्पीडोमीटर सुमारे साडेतीन टक्क्यांनी चुकायला लागतो. काटा ६० दाखवतो तेव्हा ट्रक ६२ ने चाललेला असतो. दिसण्यासाठी ही किंमत द्यायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं, पण माहीत असून ठरवावं.

याहून मोठी चूक होते ती टायरच्या बांध्यात. एकाच नक्षीचा टायर दोन जातींत मिळतो. एक प्रवासी गाडीच्या पद्धतीचा, ज्याला अमेरिकेत पी-मेट्रिक म्हणतात. दुसरा एलटी, म्हणजे हलक्या ट्रकचा. एलटीमध्ये पुन्हा सी, डी, ई असे भारदर्जे असतात. ई दर्जाला 'दहा थरांचा' म्हणतात, पण आत दहा थर नसतात. जुन्या सुती धाग्याच्या काळातलं ते मोजमाप आहे, बळ तेवढं असल्याची खूण. ई दर्जाचा टायर बाजूने जाड, वजनाने भारी आणि दगडांना दाद न देणारा असतो. पण त्याच कडकपणामुळे रस्त्याचा प्रत्येक ठोका थेट केबिनमध्ये येतो. १८ इंची रिमवरचा ई दर्जाचा टायर सहज ५० पौंडांच्या पुढे जातो, तर त्याच मापाचा पी-मेट्रिक ४० पौंडांच्या आसपास असतो. दर चाकामागे चार-पाच किलोंचा हा बोजा प्रत्येक सिग्नलला फिरवावा आणि थांबवावा लागतो.

'ट्रक आहे, मग ट्रकचाच टायर हवा' ही समजूत दुकानातून पक्की केली जाते. आकडे काय सांगतात ते बघू. टायरवर छापलेला ११६ हा भारनिर्देशांक म्हणजे एका टायरला १२५० किलो. पी-मेट्रिक टायर पिकअपला लावताना ही क्षमता १.१ ने भागून धरायची असते, म्हणजे उरतात ११३६ किलो. चार टायरचे झाले साडेचार हजार किलो. एफ-१५० चं जास्तीत जास्त भारित वजन साधारण ३२०० किलोंच्या घरात असतं. ज्याच्या ट्रकमध्ये आठवड्याचा बाजार, दोन सायकली आणि उन्हाळ्यात तंबू जातो, त्याला ई दर्जाची गरज नाही. शांततेच्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा निर्णय आहे, नक्षीपेक्षाही मोठा म्हटलं तरी चालेल. ज्याला जड ट्रेलर ओढायचा आहे, धारदार दगडांच्या वाटा तुडवायच्या आहेत, किंवा ज्याचा ट्रक एफ-२५० सारखा कारखान्यातूनच ई दर्जावर आलेला आहे, त्याने मात्र बांध्यात काटकसर करू नये. तिथे थोडा आवाज सोसणं रास्त आहे.

बांधा बदलला की हवेचा दाबही बदलतो, आणि इथे अमेरिकेच्या आठवणीत एक मोठी जखम आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. त्यात एटीएक्स, एटीएक्स दोन आणि वाइल्डरनेस एटी हे टायर होते, आणि त्यांतले बरेच फोर्ड एक्सप्लोरर या गाडीवर बसवलेले होते. महामार्गावर टायरचा वरचा पट्टा सोलून निघायचा आणि गाडी उलटायची. या अपघातांत अमेरिकेत अडीचशेहून अधिक माणसं गेली. टायरच्या आतल्या पट्ट्यांच्या कडांची घडण, उष्णता, भार आणि कमी दाब, सगळ्यांवर बोट ठेवलं गेलं. फोर्डने त्या गाडीला सुचवलेला २६ पीएसआय हा दाबही वादात सापडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवा कायदा आला आणि पुढे २००८ च्या मॉडेलपासून प्रत्येक हलक्या गाडीत टायरचा दाब सांगणारा दिवा सक्तीचा झाला. पण हा दिवा दाब पंचवीस टक्क्यांनी उतरल्यावर पेटतो. आणि पी-मेट्रिक काढून एलटी बसवला तर तेवढाच भार उचलायला दहा ते पंधरा पीएसआय जास्त लागतात, हे त्या दिव्याला ठाऊक नसतं. तेव्हा बांधा बदलताना दुकानदाराकडून भार-दाबाचा तक्ता मागून घ्यावा आणि त्याप्रमाणे नवा आकडा ठरवावा.

कोलोरॅडोसारख्या बर्फाच्या राज्यात राहणाऱ्याला आणखी एक खूण पाहावी लागते. डेन्व्हरच्या पश्चिमेला डोंगरात चढणाऱ्या आय-७० महामार्गावर, मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यात, १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात टायरला किमान तीन-षोडशांश इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास नक्षी उरलेली असणं कायद्याने लागतं. फोर-व्हील ड्राइव्हलाही यातून सूट नाही. नव्या ऑल-टेरेन टायरची नक्षी यापेक्षा कितीतरी खोल असते, पण झिजलेल्यांचं काय, हे हिवाळ्याआधी मोजावं. टायरवर 'एम+एस' (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असतं ते खाचांच्या भूमितीवरून, त्यामागे बर्फावरची चाचणी नसते. तीन शिखरं आणि हिमकण असं चित्र असेल तर तो टायर दाबलेल्या बर्फावर प्रमाण टायरपेक्षा निदान दहा टक्के जास्त ओढ देतो, हे तपासलेलं असतं. १९९९ पासून ही खूण आहे. ती सुटताना लागणाऱ्या ओढीची आहे, ब्रेकची नाही, एवढं ध्यानात असावं. आवाजाशीही तिचा संबंध येतो. बर्फासाठी पाडलेल्या बारीक चिरांनी ठोकळा मऊ होतो आणि नवा असताना टायर शांत वाटतो.

'नवा असताना' हे शब्द महत्त्वाचे आहेत. जवळजवळ प्रत्येक ऑल-टेरेन टायर पहिल्या महिन्यात शांत असतो. खरा आवाज पंधरा-वीस हजार मैलांनंतर कळतो. ठोकळ्याची मागची कड पुढच्या कडेपेक्षा जास्त झिजते, नक्षी करवतीच्या दात्यांसारखी होते आणि घूं घूं सुरू होते. ही झीज हाताला कळते. गाडी उभी असताना तळहात नक्षीवरून पुढे फिरवावा, मग उलटा मागे आणावा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला बोटांना कडा लागतात, असं झालं की समजावं, टायरांच्या जागा बदलायची वेळ टळून गेली. दर पाच ते साडेसात हजार मैलांना पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली तर हे बरंच लांबवता येतं. टायर चांगला असूनही बदनाम होतो तो बहुतेक वेळा या आळसापायी.

बाजारातली काही नावं आता नक्षीच्या भाषेत वाचता येतील. कॉन्टिनेंटलचा टेरेनकॉन्टॅक्ट ए/टी हा रस्त्याकडे झुकलेला, बंदिस्त मध्यपट्ट्याचा टायर, शांततेसाठी नावाजलेला. दिसायला सौम्य. टोयोचा ओपन कंट्री ए/टी तीन आणि फाल्कनचा वाइल्डपीक ए/टी३डब्ल्यू हे खऱ्या अर्थाने मधल्या वाटेवरचे, खांदा रुबाबदार आणि मध्यभागी ठोकळे एकमेकांना बिलगलेले. बीएफगुडरिचचा केओ२ आणि २०२४ मध्ये आलेला त्याचा वारस केओ३ हे दगडवाटेचे गडी. मजबुती आणि रूप पहिल्या प्रतीचं, पण आवाज रस्त्याच्या टायरपेक्षा जास्त. रिज ग्रॅपलर चिखलाच्या टायरचा चेहरा घेऊन येतो. विद्युत पिकअप असेल तर निवड आणखी जपून करावी. रिव्हियन आर-वन-टी सारख्या गाडीत इंजिनाची घरघरच नसते, त्यामुळे टायरचा आवाज झाकायला काही उरत नाही, आणि ऑल-टेरेन टायरने एका चार्जमधला पल्लाही घटतो.

महाराष्ट्रात पिकअप हौसेने घेणारे अजून थोडे आहेत, पण इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स रस्त्यावर दिसतात, आणि नाशिकला बनणाऱ्या थारमुळे ऑल-टेरेन टायरची ओळख घरोघरी झाली. त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती पावसात कुठल्याही ऑल-टेरेन टायरच्या खाचा पाच मिनिटांत लिंपून टाकते. तिथे टायरच्या नावापेक्षा वाट सुकेपर्यंत थांबणं कामाला येतं.

तर उदाहरणादाखल, डेन्व्हरच्या उपनगरात राहणारा, रोज महामार्गावरून कामाला जाणारा, हिवाळ्यात डोंगर चढणारा आणि उन्हाळ्यात जंगलातल्या खडीच्या वाटेने तंबूपर्यंत पोचणारा जो एफ-१५० चा मालक आहे, त्याच्यासाठी निकाल असा. मूळ माप ठेवावं, पी-मेट्रिक बांधा घ्यावा, मध्यपट्टा बंदिस्त आणि ठोकळे कमीजास्त लांबीचे असावेत, हिमकणाची खूण असावी, आणि रुबाब खांद्यावरच्या दातेरी ठोकळ्यांवर व पांढऱ्या अक्षरांवर सोपवावा. बाजूवरच्या शिक्क्यातले शेवटचे चार आकडे वाचायला विसरू नये. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे '३२२४' असेल तर टायर २०२४ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. रबर पडून राहिलं तरी कडक होतं, आणि कडक रबर जास्त आवाज करतं. टायर बसवून घरी आल्यावर पन्नास ते शंभर मैल झाले की चाकाचे नट टॉर्क पान्याने पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.